पहिले लेबल देवाच्या नावाचे

एतिदालबद्दल कुणीतरी लिहून ठेवावे असे मला बरेच दिवस वाटत होते. ते मीच लिहावे असे मात्र वाटत नव्हते, कारण मला लिहिण्याची सवय नाही. पण फुव्वात ज्यांना चांगले लिहिता येते ते कैरोला जाऊन राहिले, आणि मी तिच्या दुकानासमोरच राहतो. तेव्हा जसे जमेल तसे लिहितो.

आमच्या गावात किलीम विणतात. किलीम म्हणजे लोकरीची जाड, रंगीत सतरंजी. पूर्वी विणकरांची सोसायटी होती, तिच्या कार्यालयात एतिदाल टाइपिस्ट होती आणि मी किलीम मोजून घ्यायचो. सोसायटी बंद झाली तेव्हा मी घरी बसलो. एतिदाल बसली नाही. तिने कार्यालयातला जुना टाइपरायटर विकत घेतला, वडिलांच्या घराच्या खालच्या खोलीत टेबल टाकले आणि लोकांचे अर्ज टाइप करून देऊ लागली. पुढे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला. मग गावातल्या बायका फोनवर फोटो टाकून पिशव्या, उशांचे अभ्रे, किलीम विकू लागल्या, आणि एतिदालच्या दुकानात एक बुटके यंत्र आले. ते फक्त लेबले छापते.

काम असे. सकाळी बायका आपापले गठ्ठे आणून ठेवतात. सगळे गठ्ठे काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिवलेले. आत काय आहे ते कुणी लिहीत नाही, रस्त्यात हात लागू नये म्हणून. एतिदाल त्या सगळ्यांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरमध्ये एकाखाली एक लावते आणि त्याच क्रमाने गठ्ठे बाकाजवळ ओळीने मांडते. मग एकदा बटण दाबले की लेबलांची लांब पट्टी सळसळत बाहेर येते. प्रत्येकावर तारीख, नाव, पत्ता, फोन, बारकोड आणि घेणाऱ्याने दारात द्यायची रक्कम. पत्ता म्हणजे आमच्याकडे असतो तसा : अमक्या औषधाच्या दुकानामागे, तमक्या मशिदीच्या गल्लीत, पोचल्यावर फोन करा. एतिदाल एकेक लेबल सोलते आणि ओळीतल्या गठ्ठ्यावर चिकटवते. दुपार कलली की कुरियरची गाडी येते. एका बैठकीत छापलेल्या या सगळ्याला ती भट्टी म्हणते, पावाची असते तशी. “आजची भट्टी निघाली का?” असे बायका विचारतात.

तिची एक रीत होती. टाइपरायटरच्या दिवसांपासून तिने टाइप केलेल्या प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर बिस्मिल्ला असे. देवाच्या नावावाचून कागद सुरू करायचा नाही, हे तिला वडिलांनी लावलेले वळण. लेबलावर मात्र तशी जागा नव्हती. कुरियर कंपनीने चौकट आखून दिली होती, तीत एक अक्षर जास्त मावत नसे. म्हणून एतिदालने बिस्मिल्लाला स्वतंत्र लेबल दिले. प्रत्येक भट्टीचे पहिले लेबल देवाच्या नावाचे. ते सोलायचे, आणि देवाचे नाव असलेला कागद केराच्या टोपलीत टाकता येत नाही म्हणून बाजूच्या कपाटाच्या दारावर चिकटवायचे. वर्षानुवर्षांत ते दार पांढरे झाले होते. लेबलावर लेबल, थरावर थर.

“सित्त एतिदाल, तुझ्या कपाटाला कुलपाची गरज नाही,” इनशिराह म्हणायची. सित्त म्हणजे बाई, आमच्याकडे मानाने तसे म्हणतात. ही पिशव्या शिवून विकते, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. “एवढ्या बिस्मिल्ला बघून चोर तिथंच नमाजाला उभा राहील.”

“मग तू जरा त्या दाराजवळ बस,” एतिदाल म्हणे. “बघू काही फरक पडतो का.”

बयूमी या सगळ्यापासून लांब होता. आमच्या पिढीचा तो शेवटचा मोठा विणकर. फोनवर फोटो दाखवून किलीम विकणे त्याला पटत नसे. “किलीम हातानं चाचपायचा असतो,” तो म्हणे, “काचेवरनं बोट फिरवून काय कळणार?” पण दुकानदारांनी घेणे थांबवले होते आणि घरात विणलेला माल साठत होता. शेवटी त्याच्या सुनेने त्याला न विचारताच फोटो टाकले. महिन्याभराने मन्सूराहून इस्सावी नावाच्या एका गृहस्थाचा फोन आला. मुलीचे लग्न होते. नवरीचे सामान गुरुवारी ट्रकवर चढून नवऱ्या मुलाच्या घरी जायचे होते, आणि बैठकीच्या खोलीसाठी त्याला बयूमीचा मोठा लाल किलीम हवा होता. आमच्याकडे तो ट्रक वाजतगाजत, सगळ्या मोहल्ल्याला दाखवत जातो. गुरुवारनंतर आलेल्या वस्तूला काही अर्थ नसतो.

बयूमी स्वतः खांद्यावर किलीम घेऊन आला. गठ्ठा खाली ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

“सित्त एतिदाल, हा वेळेवर गेला तर पुढचा माग मांडतो. नाही गेला तर मागाची लाकडं विकून टाकतो. सुताराशी बोलून ठेवलंय.”

“असं काय बोलता, अम्म बयूमी?” एतिदाल म्हणाली. थोरांना आम्ही अम्म, म्हणजे काका, म्हणतो.

“म्हातारपणी माणसानं एकदाच फसावं. दोनदा फसला की लोक हसतात.”

एतिदालने त्याचा गठ्ठा ओळीत पहिला ठेवला. मोठ्या माणसाचा मान म्हणून. त्यामागे इनशिराहच्या पिशव्यांचे गठ्ठे, त्यामागे इतर बायकांचे अभ्रे.

तो रविवार होता. मी नेहमीसारखा तिच्या बाकावर बसलो होतो, म्हणून हे पाहिलेले आहे. त्या वेळी मात्र मला काहीच वावगे वाटले नाही. तिने बटण दाबले, पट्टी बाहेर आली. पहिले लेबल सोलून तिने दारावर लावले. इतक्यात दुपारची बांग झाली. एतिदाल उठली, चष्मा टेबलावर ठेवला, पडद्यामागे जाऊन नमाज पढून आली. परत कामाला बसताना तिने तोंडाने बिस्मिल्ला म्हटले, आणि हाताने पट्टीवरचे पहिले लेबल सोलून दारावर लावले. मग ओळीने एकेक लेबल गठ्ठ्यांवर चिकटवत गेली. चष्मा टेबलावरच होता. या कामाला तिला डोळ्यांची गरज लागत नसे.

ओळीच्या शेवटी एक गठ्ठा उरला आणि लेबले संपली.

“यंत्रानं एक गिळलं वाटतं,” ती म्हणाली.

असे कधीकधी होते. रोल अडकतो, एखादे लेबल कोरे निघते. तिने कॉम्प्युटरवर शेवटची ऑर्डर काढली, तेवढे एक लेबल पुन्हा छापले आणि उरलेल्या गठ्ठ्यावर लावले. गाडी आली, माल गेला. बयूमी दारात उभा राहून गाडी वळेपर्यंत पाहत होता.

मंगळवारी संध्याकाळी पहिला फोन दमनहूरहून आला. एका बाईने एक अभ्रा मागवला होता, तिच्याकडे दोन गठ्ठे आले. एतिदाल हसून म्हणाली, चूक आमची, एक परत पाठवा. बुधवारी सकाळी इनशिराह तणतणत आली.

“माझ्या गिऱ्हाइकानं निळी पिशवी मागितली, तिला लाल मिळाली. जिला लाल हवी होती तिला हिरवी. माझी अक्कल गेली असेल म्हणावं, तर मी गठ्ठे स्वतः शिवलेत. आणि तांताच्या बाईचा तर फोनच नाही. तिला काय मिळालं देव जाणे.”

तेवढ्यात बयूमी आला. त्याच्या हातात सुनेचा फोन होता, आणि तो फोन त्याने मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला होता.

“मन्सूरावाला विचारतोय, किलीम कुठाय. उद्या दुपारनंतर ट्रक निघणार. मी काय सांगू?”

एतिदालने हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ पट्टी बाहेर येते त्या जागेकडे पाहत राहिली. मग उठली, चष्मा लावला आणि कपाटाच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. बोटाने एकेक लेबल पाहत गेली. बिस्मिल्ला, बिस्मिल्ला, बिस्मिल्ला. आणि मग, दाराच्या कडेला, काळा बारकोड. खाली इस्सावीचे नाव, मन्सूरा, जुन्या कापसाच्या गिरणीसमोर, दारात मुलीच्या लग्नाची रोषणाई आहे.

“अम्म बयूमी,” ती म्हणाली, “तुमचं लेबल मी देवाच्या लेबलांत लावलं. बांगेआधी एकदा लावून झालं होतं. नंतर हातानं पुन्हा लावलं.”

मग तिने सगळ्यांना नीट उलगडून सांगितले. पहिले लेबल दारावर गेले, त्यामुळे प्रत्येक गठ्ठ्यावर पुढच्या गठ्ठ्याचे लेबल बसले. शेवटी गठ्ठा उरला तेव्हाच थांबायला हवे होते. तिने यंत्राला दोष दिला आणि शेवटचे लेबल दोनदा लावले. म्हणून दमनहूरला दोन गठ्ठे, मन्सूराला एकही नाही. आणि बयूमीचा किलीम गेला तो ओळीतल्या दुसऱ्या नावावर. तांताला, जिने इनशिराहची छोटी पिशवी मागवली होती तिच्याकडे.

“पिशवीच्या पैशांत?” इनशिराह म्हणाली. “मग ती कशाला फोन करेल? मी असते तर घर बदललं असतं.”

एतिदालने फोन लावला. पलीकडे एक पुरुष होता.

“कसला किलीम? कुरियरवाल्यानं गठ्ठा दिला, आम्ही पैसे दिले. लेबलावर माझ्या बायकोचा फोन, माझा पत्ता. आता तुम्ही म्हणता तो तुमचा. मग लेबलं कशाला छापता?” आणि त्याने फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

बयूमी बाकावर माझ्याशेजारी बसला होता. “सुताराला निरोप देतो,” एवढेच म्हणाला आणि उठू लागला.

“बसा,” एतिदाल म्हणाली. एरवी ती वडीलधाऱ्यांशी असे बोलत नाही. “उद्या सकाळी आपण तांताला जायचं. तुम्ही आणि मी. लेबल माझ्याजवळ आहे.”

“आणि त्यानं दार उघडलं नाही तर?”

“तर दारात बसू. दारात म्हातारा बसलाय आणि आपण चहा दिला नाही, हे त्यांना किती वेळ सहन होतंय ते बघू.”

ते लेबल दारावरून सोलताना खालची बिस्मिल्लाही त्याच्या पाठीला चिकटून निघून आली. दोन्ही वेगळी होईनात. फाटेल म्हणून एतिदालने तशीच राहू दिली, प्लॅस्टिकच्या कागदात ठेवली आणि पिशवीत घातली.

पुढचे मी पाहिलेले नाही. थोडे बयूमीने सांगितले, आणि बयूमी थोडेच सांगतो. बाकीचे एतिदालकडून कळले.

गुरुवारी पहिल्या मायक्रोबसने ते दसूकला गेले, तिथून तांताला. एतिदाल गावाबाहेर फारशी जात नाही. गाडीत ती लेबलाची पिशवी मांडीवर धरून ताठ बसली होती, आणि ड्रायव्हरने दोनदा विचारले की बाईसाहेब, अंडी आहेत का त्यात.

तांतात औषधाच्या दुकानामागचे घर सापडले. दार बाईनेच उघडले. तिचे नाव रावया. तिच्या खांद्यावरून आत पाहिले तर किलीम अंथरलेला. लाल, मोठा, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. त्याच्या कडेला पुरुषाचे बूट काढून ठेवले होते.

“तुम्ही फुव्वाचे ना,” रावया म्हणाली. “मला वाटलंच येणार म्हणून. आत या. मी पिशवी मागवली होती, तुम्ही अख्खी बैठक पाठवलीत.”

तिचा नवरा आतून आला. त्याने सलाम केला, पण चेहरा फोनवरचाच होता.

“हे बघा, मी चोरी केलेली नाही.”

“कोण म्हणतंय तसं,” एतिदाल म्हणाली. “चूक माझी आहे.”

“नशिबानं दारात आणून दिलेलं मी का परत करू?”

“नशीब कसलं,” रावया म्हणाली. “आमचं लग्न झाल्यापासून हा माणूस घरात बूट घालून फिरतो. हा किलीम अंथरल्यावर पहिल्यांदा काढले. म्हणून मी पण गप्प बसले होते.”

बयूमी या बोलण्यात नव्हता. तो वाकून किलीमचा एक कोपरा उलटून पाहत होता. पाठीमागून गाठी नीट आहेत ना, एवढेच. मग त्याने तो कोपरा पुन्हा जसा होता तसा ठेवला आणि हाताने सारखा केला.

“मन्सूराच्या मुलीसाठी विणला,” तो म्हणाला. “आज तिचं सामान निघतंय.”

रावयाने नवऱ्याकडे पाहिले.

“नवरीच्या सामानातला आहे?”

“हो.”

“आणि तो आपण पायाखाली घेतला?” तिने पायातल्या चपला बाहेर भिरकावल्या आणि गुडघ्यावर बसून किलीम गुंडाळायला सुरुवात केली. “उठ, दुसरी बाजू धर. नवरीची वस्तू घरात ठेवायची आणि मग माझ्या दोन पोरींची लग्नं कशी व्हायची? काल सांगितलं असतं तर मी कालच आणून दिला असता.”

“मी काल फोन केला होता,” एतिदाल म्हणाली.

रावया पुन्हा नवऱ्याकडे पाहू लागली. तो मुकाट्याने दुसरी बाजू धरून वाकला.

त्यानेच किलीम खांद्यावर घेऊन मन्सूराला जाणाऱ्या गाड्यांपर्यंत नेला. अनवाणी निघाला होता, कोपऱ्यावर लक्षात आले तेव्हा परत जाऊन बूट घालून आला. रावयाने भाजलेल्या हरभऱ्यांची पुडी बयूमीच्या खिशात कोंबली. पिशवीचे पैसे एतिदाल परत देत होती, ते तिने घेतले नाहीत. “पिशवी पाठवा. हिरवी.”

मन्सूराला जुन्या कापसाच्या गिरणीसमोर रोषणाई लांबूनच दिसली. ट्रक भरत आला होता. फ्रीज, गाद्या, तांब्याची भांडी, आणि या सगळ्यावर उभा राहून एक तरुण ढोल वाजवत होता. इस्सावी खाली उभा राहून वस्तू मोजत होता. हे दोघे किलीम घेऊन आलेले पाहून त्याने आधी घड्याळ पाहिले.

“तुम्ही कोण? कुरियर कुठाय?”

“कुरियर आम्हीच,” एतिदाल म्हणाली.

“लेबल नाही त्यावर. मी लेबल पाहिल्याशिवाय माल घेत नाही. सकाळपासून मला दोन चुकीचे दिवे आणि कुणाचं तरी शिवणयंत्र आलंय.”

तिने पिशवीतून लेबल काढले. मागच्या बिस्मिल्लाला अजून थोडा गोंद होता. तिने ते किलीमवर दाबून बसवले आणि तळहाताने दोनदा घासले. इस्सावीने चष्मा कपाळावर सरकवून वाचले. नाव त्याचे, पत्ता त्याचा, लग्नाच्या रोषणाईसकट.

“ही तारीख रविवारची आहे,” तो म्हणाला. “एवढे दिवस कुठं होता?”

एतिदाल सांगणार होती, पण बयूमी आधी बोलला.

“रस्त्यात एका घरी थांबला होता. लोक चांगले होते.”

इस्सावीने किलीमचे एक टोक उलगडले आणि हात फिरवला. बयूमी म्हणतो तसा, चाचपून. मग तो ढोलवाल्याला म्हणाला की जरा थांब, आणि पोरांना सांगितले की गाद्या सरकवा, हा वर पाहिजे, सगळ्यांना दिसेल असा. वरून पसरलेला लाल किलीम ट्रकच्या बाजूंनी खाली लोंबत होता. गल्लीतल्या बायकांनी जिभा हलवत आनंदाचा उंच सूर काढला, लग्नात काढतात तसा. त्याच्या एका कोपऱ्यावर पांढरे लेबल तसेच होते. ते काढायला कुणाला सुचले नाही, आणि त्याच्या पोटात काय आहे ते दोघांनाच माहीत होते.

ते परत आले तेव्हा इनशिराह दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले, हरभरे खाल्ले, आणि म्हणाली, “आता एक ऐक. ते पहिलं लेबल छापणं सोड. मनात म्हण की बिस्मिल्ला. देवाला ऐकू येतं.”

“देवाला येतं गं,” एतिदाल म्हणाली. “प्रश्न माझ्या हातांचा आहे.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, दुकान बंद. शनिवारी भट्टी लागली तेव्हा मी बाकावर होतो. पहिले लेबल बिस्मिल्ला. तिने चष्मा लावून ते सोलले आणि दारावर चिकटवले. मग ओळीने गठ्ठे. शेवटचा गठ्ठा झाला आणि पट्टीवर अजून एक लेबल उरलेले दिसले. मला वाटले, पुन्हा काहीतरी चुकले. तिने ते माझ्यासमोर धरले. त्यावर अलहम्दुलिल्ला छापले होते, जेवण झाल्यावर देवाचे आभार मानायला आपण म्हणतो ते.

“गठ्ठे संपले आणि हे आलं, की सगळं आपापल्या जागी आहे,” ती म्हणाली. “गठ्ठा उरला असताना हे आलं, की थांबायचं. यंत्राला नावं ठेवायची नाहीत.”

इनशिराहला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की आता कपाटाला दुसरे दार लागणार. ते लागले. एका दारावर सुरुवात, दुसऱ्यावर शेवट.

बयूमीने माग मोडला नाही. नव्या किलीमचा गठ्ठा घेऊन येतो, ओळीत पहिला ठेवतो आणि माझ्याशेजारी बसतो. एकदा दुपारची बांग मध्येच झाली. एतिदाल पडद्यामागे गेली, तेव्हा तो उठून पट्टीपाशी उभा राहिला आणि ती येईपर्यंत तिथून हलला नाही. ती आली, चष्मा लावला, त्याच्याकडे पाहून हसली आणि कामाला लागली. तो परत येऊन बसला. गठ्ठे संपत आले तसा तो पुढे झुकला.

“आलं का?” त्याने विचारले.

“आलं,” एतिदाल म्हणाली.

मग तो चहा संपवून घरी गेला.